ज्ञानकोशांतील शिमगा

मनुष्य हंसतो तें नेहमींच निर्दोषपणें हंसतो असें नाहीं, आणि खोटें बोलतो तें नेहमींच लबाडीनें बोलतो असेंहि नाहीं. थट्टेखातर सांगितलेली खोटी गोष्ट पाप म्हणावी कीं खेळ म्हणावा, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु आमच्या काळांत त्याला एक नवें अंगण मिळालें आहे, आणि त्या अंगणांत जो धुडगूस चालतो तो पाहून या जुन्या प्रश्नाचा पुन्हां एकदां विचार करावा असें आम्हांला वाटूं लागलें. हें अंगण म्हणजे इंटरनेटवरील विकिपीडिया नांवाचा ज्ञानकोश. आणि धुडगूस घालणारे म्हणजे फुटबॉलचे चाहते.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं हा कोश रोज उघडला जात असेल. परंतु तो लिहितो कोण, याचा विचार थोडेच करीत असतील. १५ जानेवारी २००१ रोजीं तो इंग्रजींत सुरू झाला, आणि १ मे २००३ रोजीं मराठींत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड काढले, एकंदर २३. त्यासाठीं त्यांना लेखक मिळवावे लागले, भांडवल उभें करावें लागलें, आणि एकदां छापून गेलेली चूक डोळ्यांदेखत सोसावी लागली. विकिपीडियाची रीत याच्या अगदीं उलट. तेथें वाचक हाच लेखक. कोणींहि यावें, पान उघडावें, त्यांत भर घालावी किंवा दुरुस्ती करावी, आणि ती त्याच क्षणीं साऱ्या जगाला दिसावी. बहुतेक पानांवर नांव नोंदविण्याचीहि सक्ती नाहीं. एवढा विश्वास वाटसरावर एखादा पाणपोईवालाच टाकूं जाणे!

या पाणपोईवर फुटबॉलचे चाहते काय करतात तें पाहूं. १ जुलै २०१४ रोजीं ब्राझिलमधील साल्व्हादोर येथें विश्वचषकाच्या स्पर्धेंत अमेरिका आणि बेल्जियम यांचा सामना झाला. अमेरिकेचा गोलरक्षक टिम हॉवर्ड यानें त्या दिवशीं पंधरा-सोळा फटके अडविले. सामना अमेरिकेनें २-१ असा गमावला. तरी हॉवर्डच्या पराक्रमानें त्याचे देशबांधव इतके हर्षभरित झाले कीं, त्यांच्यापैकीं कोणीं तरी विकिपीडियावर अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्याच्या जागीं त्याचें नांव घालून टाकलें. खरे संरक्षणमंत्री चक हेगल यांनीं या थट्टेचा राग मानला नाहीं. उलट हॉवर्डला टेलिफोन करून त्याचें कौतुक केलें. दुसऱ्या वर्षीं, ६ मे २०१५ रोजीं, बार्सिलोनाच्या मैदानावर मेस्सीनें बायर्न म्युनिकच्या येरोम बोआटेंगला अशी कांहीं हुलकावणी दिली कीं, तो उंचापुरा गडी तोल जाऊन जमिनीवर पडला, आणि मेस्सीनें गोल केला. थोड्याच वेळांत बोआटेंगच्या चरित्राच्या पानावर तो त्याच दिवशीं त्याच मैदानावर मेस्सीच्या हातून मरण पावल्याची नोंद झळकली.

खोटी मरणवार्ता उठली कीं आयुष्य वाढतें, असें आमच्याकडील वृद्ध स्त्रिया म्हणत असत. त्या हिशेबानें फुटबॉलचे गोलरक्षक आणि बचावपटू शतायुषीच व्हावयाचे!

हीं दोन्ही उदाहरणें वाचून आम्ही हंसलों, हें कबूल केलें पाहिजे. हंसण्याचें कारणहि उघड आहे. ज्यानें सामना पाहिला त्याला हें वाक्य वाचतांच कळतें कीं हें खरें नव्हे; आणि ज्यानें सामना पाहिला नाहीं, तोहि गोलरक्षकाला मंत्रिपद मिळालें यावर विश्वास ठेवणार नाहीं. तें असत्य आपल्या कपाळावर ‘मी असत्य आहें’ असा टिळा लावूनच घरांत शिरतें. कवीची अतिशयोक्ति आणि ही थट्टा यांत जातीचा भेद नाहीं. बोआटेंग मेला असें लिहिणारा मेस्सीच्या हुलकावणीला दाद देत होता, एवढेंच. दाद देण्याची त्याची रीत कांहींशी रांगडी.

परंतु सगळींच उदाहरणें इतकीं सरळ नाहींत. २००८ सालच्या सप्टेंबरांत इंग्लंडचा मँचेस्टर सिटी हा संघ सायप्रसमधील ओमोनिया या संघाशीं खेळावयाचा होता. इंग्रजी वाचकांना ओमोनियाची माहिती बेताचीच. हें हेरून एका खोडकरानें ओमोनियाच्या पानावर लिहून ठेवलें कीं, त्या संघाच्या चाहत्यांचा एक छोटा पण निष्ठावंत कंपू आहे, ते लोक टाकून दिलेल्या जोड्यांच्या टोप्या करून घालतात आणि एका लहानशा बटाट्याविषयीं गाणें म्हणतात. लंडनच्या ‘डेली मिरर’ पत्रानें हा मजकूर आपल्या क्रीडावृत्तांत जसाच्या तसा छापला. मग हंशा झाला, आणि तो पत्रावर झाला. हा खोडकर तर वर्तमानपत्रांच्या आळशीपणाची परीक्षाच घेत होता, असें त्याच्या बाजूनें म्हणतां येईल. आम्ही वर्तमानपत्रें वाचतों, आणि या परीक्षेंत पुष्कळ परीक्षार्थी नापास होतील याविषयीं आम्हांला शंका नाहीं. तथापि येथें कांहीं तरी बदललें आहे. हॉवर्डच्या थट्टेंत वाचक हंसणाऱ्यांच्या पंक्तीला बसला होता. येथें त्यालाच पानांत वाढलें आहे. त्या दिवशीं सकाळीं पत्र उघडून जोड्यांच्या टोप्यांची हकीकत आपल्या मुलाला वाचून दाखविणारा जो कोणी बाप असेल, त्यानें कोणता आळस केला होता?

पंचाची गत तर याहून वाईट. १८ जून २०१० रोजीं जोहान्सबर्ग येथें विश्वचषकांतील अमेरिका-स्लोव्हेनिया सामन्यांत, दोन्ही संघांचे दोन-दोन गोल झालेले असतां, मॉरिस एडू यानें अमेरिकेसाठीं तिसरा गोल केला. मालीचा पंच कोमान कुलिबाली यानें तो रद्द ठरविला, आणि कां ठरविला तें खेळाडूंना सांगितलें नाहीं. त्या संध्याकाळपर्यंत अमेरिकेंत कुलिबाली हें नांव कोणाच्या कानांवर आलें होतें कीं नाहीं याची शंकाच आहे. त्यानंतर मात्र त्याच्या पानावर संतप्त चाहत्यांनीं इतका शिमगा केला कीं, त्या पानाला कुलूप लावावें लागलें. पंचाचा निर्णय चुकीचा होता असें आमचेंहि मत आहे. परंतु ज्या मनुष्याविषयीं जगाला एरव्हीं कांहींच ठाऊक नाहीं, त्याच्या चरित्राचें एकुलतें एक पान त्याच्या शत्रूंच्या हातीं जावें, हा दंड कोणत्या गुन्ह्याला शोभेल?

शिमगा हा शब्द आम्हीं सहज वापरला; परंतु या प्रकरणाचें मर्म त्या शब्दांत आहे असें आम्हांला वाटतें. आमच्या पूर्वजांनीं मनुष्याच्या मनांतील घाण ओळखली होती, आणि ती बाहेर टाकण्यासाठीं वर्षांतून थोडे दिवस राखून ठेवले होते. त्या दिवसांत गांवच्या पाटलाच्या नांवानेंहि बोंब मारावी, त्यानें ती ऐकून घ्यावी, आणि रंगपंचमी सरली कीं दोघांनींहि ती विसरावी. या सवलतीला वेळेची मर्यादा होती आणि स्थळाचीहि. फुटबॉलच्या मैदानावरील आरडाओरडा हा याच जातीचा आहे. आम्ही विद्यार्थी होतों तेव्हां कोल्हापुरास शाहू मैदानावर शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांचे सामने पाहिलेले आहेत. त्या गॅलरींतून पंचाच्या सात पिढ्यांचा जो उद्धार होई तो येथें लिहितां येण्यासारखा नाहीं. आणि तो लिहितां येत नाहीं, यांतच त्याचें निर्दोषपण आहे. शिटी वाजली, सामना संपला, कीं ते शब्द वाऱ्यावर जात. आणि तासाभरानें तोच पंच त्याच लोकांबरोबर मिसळीच्या दुकानांत बसलेला दिसे. शब्द ज्यांनीं ऐकले त्यांना ठाऊक होतें कीं हा सामना आहे.

ज्ञानकोशाचा वाचक मैदानावर नसतो. तो सहा महिन्यांनीं येतो, दुसऱ्या खंडांतून येतो, इयत्ता आठवीचा निबंध लिहावयास येतो. आरोळी जेव्हां नोंद होते, तेव्हां तिच्याभोंवतालचा सामना गळून पडतो आणि नुसतें वाक्य उरतें. आणि तें वाक्य आजूबाजूच्या शंभर खऱ्या वाक्यांच्या अब्रूवर जगूं लागतें. खोडकर मनुष्य स्वतःची पत खर्च करीत नसतो. त्याला तेथें पतच नाहीं. अनोळखी माणसांनीं वर्षानुवर्षें बसून तारखा पडताळल्या, संदर्भ जुळविले, त्यांच्या ठेवींतून तो पैसा काढतो.

येथें कोणी म्हणेल कीं, कोशांत विनोद मुळींच नसावा काय? डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध शब्दकोशांत ओट या धान्याची व्याख्या करतांना, तें इंग्लंडांत घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडांत माणसें खातात, अशा अर्थाचा चिमटा काढून ठेवला आहेच. त्यांच्या सहा लेखनिकांपैकीं पांच स्कॉच होते. त्यांनीं तो निमूटपणें उतरून घेतला असला पाहिजे. आम्ही हा विनोद वर्गांत तीस वर्षें सांगत आलों आहों, आणि त्याबद्दल जॉन्सनना कधीं दोष दिलेला नाहीं. कारण त्या कोशाच्या मुखपृष्ठावर त्यांचें नांव आहे. स्कॉच मनुष्याला राग आला तर कोणाच्या दारीं जावयाचें, हें त्याला ठाऊक होतें.

नांवाच्या या प्रश्नावरून प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथांतील गायजीसच्या अंगठीची कथा आठवते. एका मेंढपाळाला अशी अंगठी सांपडली कीं, ती फिरवितांच तो अदृश्य होई. त्यानें राणीला फितविलें, राजाला मारलें आणि राज्य बळकावलें. ग्लॉकन सॉक्रेटिसाला विचारतो कीं, अशी अंगठी मिळाल्यावर सज्जन आणि दुर्जन यांच्या वागण्यांत फरक तो काय राहील? आपण केवळ पकडले जाऊं या भीतीनेंच नीट वागतों, असें त्याचें म्हणणें. आमच्या विद्यार्थ्यांना हा युक्तिवाद नेहमीं पटतो, आणि त्यावरचें सॉक्रेटिसाचें लांबलचक उत्तर नेहमीं कंटाळवाणें वाटतें. विकिपीडियानें ही अंगठी कोट्यवधि लोकांच्या हातांत दिली. मग काय झालें? कांहींनीं तिच्या बळावर शेजाऱ्याच्या भिंतीवर मिशा काढल्या. परंतु त्याच अंगठीनें अदृश्य झालेले दुसरे लोक रात्रीं जागून त्या मिशा पुशीत बसले! त्यांना वेतन नाहीं, मानपत्र नाहीं. पुष्कळांचें खरें नांवहि कोणाला ठाऊक नाहीं. एखाद्या नदीच्या लांबीचा आंकडा चुकला आहे म्हणून झोंप न येणारीं माणसें जगांत आहेत, आणि तीं न सांगतां येऊन तो आंकडा सुधारून जातात, ही गोष्ट ग्लॉकनला कळती तर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला असता. आम्ही स्वतः तरुणपणीं ग्लॉकनच्याच पक्षाचे होतों. आतां तितकेसे राहिलों नाहीं.

चाहत्यांचा बचाव करणारे याच गोष्टीचा आधार घेतात. थट्टा झाली, पांच मिनिटांत कोणीं पुसली, कोणाचें काय गेलें? आतां तर ढोबळ खोड्या ओळखून आपोआप उलटविणारीं यंत्रेंहि आहेत. हा बचाव पुसणाऱ्याच्या वेळाची किंमत शून्य धरतो, हें एक. दुसरें असें कीं, प्रत्येकच खोडी पांच मिनिटांत सांपडत नाहीं. २००५ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंतील एका गृहस्थानें आपल्या सोबत्याची गंमत करावी म्हणून जॉन सीगेनथेलर या वृद्ध पत्रकाराच्या पानावर लिहिलें कीं, केनेडी बंधूंच्या खुनांत यांचा हात असल्याचा संशय होता. सीगेनथेलर हे रॉबर्ट केनेडींचे एके काळचे सहकारी आणि स्नेही. त्यांच्या शवपेटिकेला खांदा देणाऱ्यांपैकीं एक. तें वाक्य चार महिने तसेंच राहिलें. लिहिणाऱ्याला वाटलें होतें कीं हा कोश थट्टेचाच आहे! पुढें तो उजेडांत आला, त्यानें क्षमा मागितली आणि नोकरीचा राजीनामा दिला. तेव्हां त्याला नोकरीवरून जाऊं देऊं नये अशी रदबदली सीगेनथेलर यांनींच केली. त्यानंतर डिसेंबर २००५ पासून इंग्रजी विकिपीडियावर नांव न नोंदवितां नवें पान सुरू करण्यास बंदी झाली. पाणपोईच्या भांड्याला सांखळी आली ती अशी.

आणि आपल्याकडील गोष्ट सांगावयाची तर ती क्रिकेटची आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं दुबईस आशिया चषकाच्या सामन्यांत पाकिस्तानच्या आसिफ अलीचा एक सोपा झेल अर्शदीप सिंग या तेवीस वर्षांच्या गोलंदाजाच्या हातून सुटला, आणि भारत सामना हरला. त्याच रात्रीं त्याच्या पानावर भारताच्या जागीं कोणीं तरी खलिस्तानचें नांव घातलें. थोड्या वेळानें तें पुसलेंहि गेलें. परंतु तोंवर त्या पानाचीं छायाचित्रें मोबाईलवरून देशभर फिरलीं होतीं, आणि केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयानें विकिपीडियाकडे जाब मागितला. कृति पाहिली तर हॉवर्डच्या वेळचीच. एका नांवाच्या जागीं दुसरें नांव. पण तेथें वाचकाला हंसण्याचें आमंत्रण होतें, येथें संशय घेण्याचें. एका शीख तरुणाच्या निष्ठेविषयीं असें वाक्य कोणत्या जखमेवर पडतें, हें ज्याला कळत नाहीं तो विनोदी नव्हे. आणि ज्याला कळतें, त्याला विनोदाचें पांघरूण आम्ही तरी घेऊं देणार नाहीं. २०२४ सालीं भारतानें विश्वचषक जिंकला, त्या स्पर्धेंत अर्शदीपनें सतरा बळी घेतले. बळी घेतले नसते, तरी तें वाक्य खोटेंच होतें.

इतकें लिहिल्यावर स्वतःविषयीं न बोलणें आम्हांला जमत नाहीं. कोल्हापुरास शिकत असतां आम्ही शिवाजी पेठेचे कट्टे पक्षपाती होतों. एका वर्षीं मंगळवार पेठेकडून मोठा पराभव झाला. दुसऱ्या दिवशीं महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत शहराचें वर्णन असलेलें एक जुनें पुस्तक आमच्या हातीं आलें, आणि त्यांतील मंगळवार पेठेच्या उल्लेखाशेजारीं समासांत आम्हीं शाईनें एक ओळ लिहिली. तीं अक्षरें जुन्या वळणाचीं दिसावींत एवढी काळजी घेतली होती. पेठेला तें नांव कसें पडलें, याची एक अपमानकारक कथा आम्हीं त्या ओळींत रचली होती; ती येथें पुन्हां सांगणार नाहीं. दोन मित्रांना दाखविली, तिघेहि पोटभर हंसलों, आणि विसरलों.

बारा-तेरा वर्षांनीं आम्ही त्याच महाविद्यालयांत शिकवूं लागलों होतों. पहिल्या वर्षाच्या वर्गाला ‘माझी पेठ’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. मंगळवार पेठेंत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या निबंधांत ती कथा होती. मुलीनें ती थोड्या दुःखानें, पण प्रामाणिकपणें लिहिली होती. पुस्तकाचें नांव आणि पृष्ठांकहि दिला होता. आम्हीं तांबड्या शाईनें ती ओळ खोडली आणि गुण कापले. ती विचारावयास आली. म्हणाली, “सर, लायब्ररींतल्या पुस्तकांत आहे. मीं मनाचें नाहीं घातलें.” आम्ही म्हणालों, “पुस्तकांत छापलेलें असेल तें घ्यावें. समासांत कोणींहि कांहींहि लिहितो.” हें उत्तर शास्त्रशुद्ध होतें. ती “हो सर” म्हणाली आणि गेली. त्या वेळीं एक वाक्य बोलावयाचें होतें, तें आम्ही बोललों नाहीं; वर्गांत आमचा दरारा होता, तो राखावयाचा होता.

बोआटेंगच्या पानावरील खोडी आजहि कोणाला पाहतां येईल. कारण विकिपीडिया प्रत्येक पानाचा इतिहास जपून ठेवतो. कोणत्या क्षणीं काय लिहिलें गेलें आणि कोणत्या क्षणीं काय पुसलें गेलें, सर्व तेथें असतें. समासाला असा इतिहास नसतो. गेल्या वर्षीं आम्ही तें पुस्तक मुद्दाम पाहावयास गेलों. मध्यंतरीं त्याची नवी बांधणी झाली होती. बांधणाराच्या कातरीनें समास छाटला होता, आणि आमच्या ओळींतील प्रत्येक शब्दाचा अर्धाच भाग उरला होता. तरी कथा वाचतां येत होती. शेजारीं कोणीं तरी शिसपेनीनें उभी रेघ ओढून ठेवली होती, लक्षांत ठेवण्याजोगा मजकूर आहे म्हणून. ग्रंथपालांना आम्हीं सारी हकीकत सांगितली. त्यांनीं कपाळाला आठी घातली, मग पेन दिलें. त्या ओळीखालीं ‘हें खोटें आहे, मीं लिहिलें’ असें लिहून आम्हीं पुरी सही केली आणि तारीख घातली. त्या विद्यार्थिनीचें लग्न होऊन ती परगांवीं गेली एवढेंच कळलें. पत्ता मिळाला नाहीं.